हवालदारकाका आणि मोटरस्टँडची वाट

हवालदारकाकांचा दंड कोणी न विचारता धरला, की ते जागच्या जागी ताठ उभे राहत आणि खणखणीत आवाजात विचारत, "जुर्म क्या है मेरा?" धरणारा बिचारा गोंधळून हात सोडी. तो भल्या मनानंच पुढे आलेला असे. आंधळा माणूस आहे, गर्दी आहे, जरा धरून गाडीत बसवू, एवढाच त्याचा विचार. पण काकांना ते अजिबात खपत नसे. "पहले जुर्म बताइए, फिर गिरफ्तार कीजिए," असं म्हणून ते त्याला उभं करत, नाव-गाव विचारत आणि मग स्वतःच त्याच्या खांद्यावर हात ठेवत. "आता चला. तुम्ही पुढे, मी मागे. धरायचं मी, तुम्ही नाही. मी काय पार्सल आहे?"

त्या काळात मी ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या मोटरस्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसत असे. माझे वडील दरबारच्या एका कचेरीत होते. संस्थान विलीन झालं, कचेरी मोडली आणि वडील नया बाजारातल्या आमच्या घरात दिवसभर तेच ते वर्तमानपत्र वाचत बसू लागले. घरात कोणीतरी मिळवतं हवं म्हणून मॅट्रिकच्या जोरावर मी ही नोकरी धरली. खिडकीत बाई बसलेली बघायला पहिले काही दिवस लोक कुठं जायचं नसतानाही रांगेत उभे राहत. मग त्यांना सवय झाली, आणि मलाही.

काका आठवड्यातून दोन-तीनदा तरी येत. उंच, हाडापेरानं मजबूत माणूस. पलटणीतला खाकी कोट, त्याची पितळी बटणं घासून लखलखीत केलेली, पायांत जड फौजी बूट, हातात बांबूची काठी आणि खांद्यावर वेताचं भेंडोळं. गालांवर आणि कपाळावर भाजल्याचे पांढुरके डाग. "ताई, राम राम. मुरैना एक," असं म्हणून ते हात खिडकीत ठेवत. मी तोंड उघडण्याआधीच त्यांना मी कशी ओळखू येते, असं मी एकदा विचारलं. बांगड्यांच्या आवाजावरून वगैरे असेल, असं माझ्या मनात होतं. ते म्हणाले, "या खिडकीत दुसरं कोण बसतं? त्यात ओळखायचं काय?" आंधळ्यांना काही दैवी शक्ती असते असं मानणाऱ्यांवर ते फार वैतागत. "शक्ती असती तर काठी कशाला घेतली असती?"

ते संस्थानच्या पलटणीत हवालदार होते. घराणं मूळचं साताऱ्याकडचं. कोणी पूर्वज फौजेबरोबर उत्तरेत आला आणि इथलाच झाला. पलटणी नव्या सरकारच्या फौजेत सामील व्हायच्या होत्या. पाहणीला बाहेरचे साहेब येणार, म्हणून बराकींना चुना लावायचं काम निघालं. काका पिंपाशी उभे राहून माणसांना हुकूम देत होते. कळीच्या चुन्यावर कोणीतरी एकदम पाणी ओतलं, चुना उसळला आणि त्यांच्या तोंडावर आला. इस्पितळातून ते बाहेर आले तोवर जुनी पलटण मोडली होती आणि नव्या पलटणीला डोळे असलेली माणसं हवी होती. "दोन पलटणींच्या मधे जी फट होती ना ताई, तिच्यात मी नेमका पडलो," असं ते सांगत. त्या दिवसाबद्दल यापेक्षा जास्त ते कधी बोलले नाहीत.

वेताच्या खुर्च्या विणायला ते इस्पितळातच शिकले, शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून. काम त्यांना भरपूर मिळे, कारण त्या वर्षांत खुर्च्या फार हलत. या कचेरीतल्या त्या कचेरीत जात, ट्रकवर चढत, उतरत, आणि त्यांची बैठक फाटे. मुरैना, डबरा, भिंड, जिथे म्हणून सरकारी कचेरी होती तिथे काकांचं जाणं असे. "राज्यं बदलली तरी बसणारे बसतातच," ते म्हणत. "आपलं काम चालू राहणार." हसत म्हणत, पण त्यात थोडा थकवाही असे. मला तो ऐकू यायचा, कारण तसाच माझ्या वडिलांच्या बोलण्यात असायचा.

जुना मोटरस्टँड म्हणजे कडुलिंबाच्या दोन झाडांखालचं मैदान होतं. आमची तिकिटाची खिडकी सोडली तर तिथे पाटी नव्हती, फलाट नव्हता, काहीच नव्हतं. होते फक्त कंडक्टरांचे आवाज. प्रत्येकाची आपली चाल. मुरैन्याच्या गाडीवर रामसरूप नावाचा कंडक्टर होता. तो "बानमोर, नूराबाद, मुरैनाऽऽ" असं काही ओढून म्हणे की जयेंद्रगंजातल्या बायकांना वेळ कळावी. काका मैदानाच्या कडेला उभे राहत, कान देत आणि सरळ आवाजाच्या दिशेनं चालत जाऊन गाडीचा दांडा पकडत. त्यात कोणाला काही नवल वाटत नसे. त्यांनाही नाही.

मग ग्वाल्हेर मध्य भारत या नव्या राज्याची राजधानी झालं, निदान वर्षातले काही महिने तरी, आणि राजधानीला शोभेल असा नवा मोटरस्टँड बांधला गेला. दगडी फरशीचं मोठं आवार, गुडघ्याच्याही वर उंच फलाट, फलाटांच्या मधे गाड्या मागे घेऊन लावायच्या खाचा, आणि प्रत्येक खाचेवर निळ्या रंगाची सुंदर पाटी. पहिल्याच आठवड्यात हुकूम निघाला की कंडक्टरांनी ओरडायचं नाही. राजधानीत असा बाजारू गोंगाट बरा दिसत नाही, आणि पाट्या आहेतच. रामसरूपला तो हुकूम मीच वाचून दाखवला. तो म्हणाला, "बहनजी, फिर मेरा काम क्या है?"

पहिल्याच महिन्यात काका चुकीच्या गाडीत बसले. विचारलं होतं त्यांनी, पण ज्याला विचारलं त्यालाही वाचता येत नव्हतं आणि त्यानं आपल्या अंदाजानं सांगून टाकलं. डबऱ्याच्या कचेरीऐवजी ते शिवपुरीला उतरले. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा कोटाला लाल माती होती. मी विचारलं तर म्हणाले, "फिरतीवर गेलो होतो. हवा चांगली आहे तिकडची." आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं ते.

बिट्टोबाईचं झालं त्यानंतर हसणं थांबलं. बिट्टोबाई बानमोरकडची. लहानपणी देवी येऊन तिचे डोळे गेले होते. झाडू बांधायची आणि त्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन नई सडकेला विकायला यायची. ठेंगणी, भांडखोर, पान खाऊन तोंड लाल झालेली बाई. त्या दुपारी कोणी पुकारत नव्हतं. ती गाडी शोधत फलाटाच्या कडेनं चालली होती. कड कुठे संपते हे पायाला कळायला तिथे काहीच नव्हतं. सगळी फरशी एकसारखी गुळगुळीत. ती खाचेत पडली आणि त्याच खाचेत गाडी मागे येत होती. ड्रायव्हरला काही दिसलं नाही, आणि त्याचा दोषही नव्हता. काका तेव्हा माझ्या खिडकीशी होते. तिची किंकाळी ऐकून ते माणसांवर आपटत, धडपडत तिकडे धावले, आणि खाचेच्या तोंडाशी कोणीतरी कोट पकडून थांबवलं म्हणून वाचले. त्या वेळी मात्र त्यांनी गुन्हा विचारला नाही.

बिट्टोबाई वाचली. एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, मला दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन भेटल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. लोकांचं शिवण शिवायच्या. म्हणाल्या, "ताई, त्यांना तिकीट देऊ नका." मी म्हटलं, मी कशी नाही म्हणू? त्या म्हणाल्या, "मग मीच सांगते. माझ्या शिवणावर भागेल आमचं. मला घरात माणूस पाहिजे." आणि खरोखरच काका येईनासे झाले. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. नई सडकेच्या मागे एका बोळात त्यांची खोली होती. ते खाटेवर बसले होते, कोट न घालता. मी त्यांना कोटाशिवाय प्रथमच पाहत होते. खूप लहान दिसले. काकू चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा हळूच म्हणाले, "ताई, हिचं म्हणणं बरोबर आहे. पण मी बसून बसून जास्त थकतोय." चहाची कपबशी घेऊन आलेल्या काकूंनी ते ऐकलं असावं. आठवड्याभरानं काका स्टँडवर आले ते कोट घालून, आणि त्यांच्या शेजारी काकू होत्या. "मला मोठ्या साहेबांकडे न्या," काका म्हणाले. "गाडीत नंतर बसतो."

इथून पुढची वर्षं आठवली तरी मला दमायला होतं. साहेब लोक वाईट नव्हते, हे आधी सांगते. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. पहिल्या साहेबांनी काकांना खुर्ची दिली आणि बिट्टोबाईचं सगळं नीट ऐकून घेतलं. "आपका कहना बिलकुल वाजिब है," ते म्हणाले. फलाटाला कठडा आणि पुकारण्याची परवानगी, दोन्ही गोष्टी वर पाठवतो म्हणाले. निघताना काकांनी खुर्चीच्या बैठकीवर हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, ही फार दिवस टिकायची नाही." त्यांना वेताबद्दल म्हणायचं होतं. पण पुढच्याच महिन्यात साहेबांची बदली इंदूरला झाली.

कारण राजधानी दोन ठिकाणी होती. उन्हाळा आला की फायली लोखंडी पेट्यांत भरून इंदूरला जात आणि थंडीच्या सुमारास परत येत. काही परत येत, काही येत नसत. आमचं प्रकरण इथे विचारलं तर तिकडे असे, आणि तिकडून उत्तर येई तोवर इकडचा माणूस बदललेला असे. नव्या साहेबांना काका पुन्हा पहिल्यापासून सांगत: चुना, पलटण, पाट्या, बिट्टोबाई. मी शेजारी उभी असे. तीच वाक्यं, त्याच क्रमानं. एकदा बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "काका, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?" ते म्हणाले, "येतो की. पण मी कवायत शिकवायचो ना. दर सहा महिन्यांनी नवे रंगरूट. उजवा पाय कुठला, डावा कुठला, पहिल्यापासून."

दुसऱ्या साहेबांनी उत्साहानं एक गोष्ट केली. फाटकापासून फलाटांपर्यंत लाकडी खुंट रोवून काथ्याचा दोर बांधून दिला, म्हणजे तो धरून चालता येईल. आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी दोरावर हॉटेलवाल्याचे टॉवेल वाळत होते. तिसऱ्या दिवशी कोणी शेळी बांधली. गाठोडी घेऊन पळणारे लोक दोरात अडकून पडू लागले आणि काकांना शिव्या देऊ लागले. एका म्हातारबुवांचं मनगट मोडलं. काकांनी स्वतःच साहेबांना सांगितलं, "दोर काढून टाका. आमच्यामुळे डोळस माणसं पडायला नकोत." दोराची कल्पना खरं तर त्यांचीच होती.

तोवर वाट कशी काढायची? काकू त्यांना गाडीपर्यंत पोचवायला येऊ लागल्या. शिवण टाकून यायच्या, गाडी सुटेपर्यंत थांबायच्या. काकांना ते मनाला लागत असे. त्यांचा हात काकूंच्या खांद्यावर असे, पण मान खाली. बिट्टोबाई तर घरीच बसली होती. तिला पोचवायला कोणीच नव्हतं.

आमच्या त्या भागात जात्याला टाकी लावणाऱ्या बायका दारोदार फिरत. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की त्या छिन्नी-हातोडीनं त्याचा दगड पुन्हा खरबरीत करून देत. अशीच धनिया नावाची बाई काकूंच्या दारात बसून जातं ठोकत होती. काका बोळातून अनवाणी येत होते आणि चुकून त्यांचा पाय जात्याच्या तळीवर पडला. धनिया ओरडली, जात्याला पाय लावला म्हणून. काकूही ओरडल्या. काकांनी कान धरले, नमस्कार केला, आणि मग तिथेच उकिडवे बसून दगडावर तळहात फिरवत राहिले. "धनिया," त्यांनी विचारलं, "जमिनीतल्या फरशीला अशी टाकी लावता येईल?" धनिया म्हणाली, "पत्थर तो पत्थर है, हवलदार साब. पर फर्श कोई पीसता है क्या?"

ही कल्पना घेऊन काका तिसऱ्या साहेबांकडे गेले. पण तेव्हा कोणालाच काही ऐकायला वेळ नव्हता. राज्यांची पुनर्रचना ठरली होती. मध्य भारत संपणार, मोठा मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार. आमच्या कचेरीवरची पाटी संस्थान गेल्यावर एकदा रंगवली होती, ती आता पुन्हा रंगवायला घेतली. रंगाऱ्यानं जुनं नाव खरवडलं आणि नवं नाव नक्की काय लिहायचं याचा कागद यायचा होता, म्हणून पाटी कोरीच टांगून ठेवली. तिसरे साहेब सामान बांधून भोपाळला गेले. त्यांच्या जागी कोण येणार हे कोणाला माहीत नव्हतं. हेडक्लार्क सह्या करायला घाबरत होते. कोऱ्या पाटीखाली आम्ही सगळे नुसते बसलो होतो.

काका खिडकीशी आले. "ताई, आज मोटरस्टँडचा मालक कोण?"

मी म्हटलं, "कोणीच नाही."

"मग विचारायचं कोणाला?"

"कोणालाच नाही."

काका म्हणाले, "मी एकदा फटीत पडलोय ताई. या खेपेला फटीचा थोडा उपयोग करून घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी धनिया तिच्या भावजयीला घेऊन आली आणि फाटकापाशी बसून फरशी ठोकू लागली. अगदी भर उन्हात, सगळ्यांच्या देखत. तिची आणि काकांची बोली झाली होती: तिच्या घरच्या बाजा, म्हणजे खाटा, काका विणून देणार. कोणीही तिला हटकलं नाही. ज्यानं त्यानं समजून घेतलं की कोणीतरी मंजुरी दिली असणार. हेडक्लार्क एकदा बाहेर आले, चष्मा वर करून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन बसले. रामसरूपनं आपली गाडी जरा पुढे लावून त्या बायकांना सावली करून दिली.

फाटकापासून तिकीट-खिडकी आणि तिथून फलाट, अशी हातभर रुंद पट्टी करायची ठरली होती. अर्धी झाल्यावर काकूंनी बिट्टोबाईला टांगा करून आणवलं. काखेत कुबडी, तोंडात पान, आणि आल्या आल्या तिनं भांडण काढलं. पट्टीवर आपला उरलेला अनवाणी पाय घासत ती म्हणाली, "ये किसने बनाया? चलने का भी वही, रुकने का भी वही? मैं फिर गिरूँगी क्या?" काकांनी हे लक्षातच घेतलं नव्हतं. वाट दाखवणारी टाकी आणि कड आली हे सांगणारी टाकी एकच असेल, तर थांबायचं कुठे ते पायाला कसं कळणार? काकूंनी मान हलवली. त्या दिवशी प्रथमच त्या मधे बोलल्या. "वाटेला उभ्या रेघा करा. आणि कडेला ठिपके. शिवणीत आपण टीप घालतो आणि गाठ मारतो, तसं." मग धनियानं वाटेवर लांब रेघा घातल्या, आणि प्रत्येक फलाटाच्या कडेपासून थोडं अलीकडे दाट ठिपके. काकांना ते फौजी बुटांतून कळेनात. त्यांनी बाकावर बसून बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवले आणि चालून बघितलं. ठिपक्यांवर आले आणि थांबले. मागे सरले. पुन्हा आले, पुन्हा थांबले. काकू हाताच्या अंतरावर होत्या, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

नवे साहेब जबलपूरकडून आले. तरणे, शिस्तीचे, थोडे तापट. आल्या आल्या त्यांना फोडलेली फरशी दिसली. "हे कोणी केलं?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. तेवढ्यात काकांनी पुढे होऊन सलाम ठोकला. "मी केलं, साहेब. मंजुरी नाही. विचारायला इथे कोणी नव्हतं." साहेब भडकले. सरकारी फरशीचं नुकसान केलं म्हणून पोलिसात देईन म्हणाले. काका म्हणाले, "जरूर द्या. फक्त चौकीपर्यंत पट्टी नाही, तेवढं कोणीतरी माझ्या पुढे चाला." ते गमतीनं बोलले नव्हते. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले, मग पट्टीकडे, मग मला म्हणाले, "प्रकरण तयार करा. बेकायदा काम काढून टाकण्याबाबत." मी तयार केलं. ते वर गेलं. वरून प्रश्न आला की काढून टाकण्याचा खर्च कोणत्या सदराखाली टाकायचा. त्याचं उत्तर आम्ही दिलं, त्यावर आणखी प्रश्न आला. मला वाटतं, साहेबांनीही पुढे मुद्दामच घाई केली नाही. पट्टी जिथे होती तिथे राहिली.

पुकारण्याचंही असंच झालं. जुन्या खात्याचे हुकूम नव्या खात्यानं कायम करायचे होते, आणि ओरडू नये हा हुकूम कायम करायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. एका सकाळी रामसरूपनं मला विचारलं, "बहनजी, वो वाला ऑर्डर अभी चालू है?" मी म्हटलं, माझ्याकडे तर नाही. तो गाडीच्या दारात उभा राहिला, घसा साफ केला आणि त्यानं अशी काही हाक दिली की माझ्या हातातला तिकिटांचा गठ्ठा पडला. बिट्टोबाई पुन्हा झाडू घेऊन येऊ लागली. आणखीही लोक दिसू लागले, जे आजवर कुठे होते कोणास ठाऊक. भिंडचे एक आंधळे शिक्षक, डबऱ्याकडची एक आंधळी म्हातारी आणि तिची तशीच मुलगी. ते येत, रेघांवरून चालत, ठिपक्यांवर थांबत आणि आपापल्या गाडीत बसून जात.

मला वाटलं होतं, झालं. पण असं काही होऊन संपत नाही. पट्टीवर हमाल ट्रंका ठेवत. लग्नाची वऱ्हाडं तिच्यावरच सतरंजी अंथरत. पावसाळ्यात रेघांत चिखल भरे आणि काकू खराटा घेऊन तो काढायला येत. काका गाडीच्या वेळेच्या बरंच आधी येऊन पट्टीवरून एक फेरी मारत आणि जे आडवं येईल त्याच्याशी हुज्जत घालत. रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून. त्यांचे केस पांढरे झाले, आवाज बसला. एकदा एका वऱ्हाडातल्या पोरांनी त्यांना ढकललं. कोपर फुटलं. मी जखमेवर फडकं बांधत होते तेव्हा म्हणाले, "दगड सोपा होता, ताई."

पुढे माझी बदली भोपाळला झाली. आमच्या मराठी लोकांची निम्मी घरं तेव्हा तिकडे चालली होती. वडील आधीच वारले होते. मी आईला घेऊन गेले. काका त्यानंतर काही वर्षांनी गेले, छातीत थंडी भरून. मला ते उशिरा कळलं, ग्वाल्हेरहून आलेल्या एका नातेवाइकाकडून, दुसऱ्याच कुठल्या गोष्टीच्या ओघात. मोटरस्टँडही नंतर दुसरीकडे हलला. त्या फरश्यांचं काय झालं, मला सांगता येणार नाही. कोणाच्या तरी अंगणात असतील.

मला आठवतो तो माझा तिथला शेवटचा दिवस. खिडकी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन मी बाहेर आले, तर काका बाकावर बसले होते. मी शेजारी बसले. हिवाळ्याचं ऊन होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका, तुम्ही केवढं मोठं काम केलंत. लोक नाव काढतील."

काका म्हणाले, "एक सांगू, ताई? रागावू नका. मला यातलं काहीच करायचं नव्हतं. मला सकाळी घरून निघून कामावर जायचं होतं, आणि संध्याकाळी घरी यायचं होतं. बस. जे बाकीच्यांना सहज मिळतं, तेवढंच. त्यात माझी सगळी उमर गेली."

रामसरूपनं हाक दिली, मुरैन्याची गाडी निघाली. मग डबऱ्याची लागली, भरली, तीही गेली. काका उठले नाहीत. त्या दिवशी त्यांना कुठेच जायचं नव्हतं. ते नुसते मला भेटायला आले होते.